हिंद मजदूर सभा, नागपूर आणि समाजवाद्यांचे राजकीय वजन : एक चर्चा

जुम्मातलावकर

नागपुरात कामगार चळवळीचा विषय निघाला की भारतीय मजदूर संघासोबत दत्तोपंत ठेंगडींचे आणि ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस म्हणजे आयटकसोबत ए. बी. बर्धनांचे नाव हमखास येते, आणि ते रास्तच आहे. मात्र समाजवाद्यांनी डिसेंबर 1948 मध्ये हावड्याला हिंद मजदूर सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्षपदी रा. स. रुईकर, म्हणजे नागपूरच्याच गिरणी कामगारांचे वकील-पुढारी, निवडले गेले होते, हे आपल्या शहरात फारसे कुणाच्या ध्यानात नसते. सरचिटणीस अशोक मेहता होते. समाजवाद्यांची हिंद मजदूर पंचायत आणि मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांची, म्हणजे रॉयवाद्यांची, इंडियन फेडरेशन ऑफ लेबर या दोन संघटना एकत्र येऊन हा महासंघ उभा राहिला. रुईकर स्वतः सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉक पक्षाचे होते. म्हणजे अध्यक्ष एका पक्षाचा, सरचिटणीस दुसऱ्या पक्षाचा आणि सोबत तिसऱ्या विचाराचे लोक, अशी ही मोट होती.

ही मोट बांधण्याचे कारण त्या दीड वर्षातल्या घडामोडींत आहे. मे 1947 मध्ये काँग्रेसच्या आशीर्वादाने इंटक ही कामगार संघटना निघाली होती, आयटकवर कम्युनिस्टांची पकड पक्की झाली होती आणि मार्च 1948 मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले होते. सरकारची संघटना नको आणि कम्युनिस्टांचीही नको, असे म्हणणाऱ्या कामगार पुढाऱ्यांना स्वतःचे छप्पर हवे होते. म्हणूनच सरकार, मालक आणि राजकीय पक्ष या तिघांपासूनही संघटना स्वतंत्र राहील, ही भूमिका सभेने पहिल्यापासून घेतली.

माझा प्रश्न याच भूमिकेविषयी आहे. पक्षापासून स्वतंत्र राहायचे ठरवलेल्या महासंघाला राजकीय वजन येते कोठून? माझे मत असे आहे की सभेचे वजन कायम उसने होते. समाजवादी पक्ष सशक्त असला की ते वाढे, पक्ष फुटला की तेही फुटे. आणि समाजवाद्यांइतके फुटण्यात वाकबगार लोक आपल्या राजकारणात दुसरे झाले नाहीत. विशेष म्हणजे त्यांच्या एका मोठ्या फुटीची ठिणगी आपल्याच शहरात पडली. ऑगस्ट 1954 मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाच्या पट्टम थाणू पिळ्ळै सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. पक्षाचे सरचिटणीस राममनोहर लोहिया तुरुंगात होते. तेथून त्यांनी सरकारने राजीनामा द्यावा अशी मागणी केली. त्या वादासाठी नोव्हेंबर 1954 मध्ये पक्षाची विशेष परिषद नागपुरात भरली आणि तिने लोहियांचे म्हणणे मान्य केले नाही. पुढच्या वर्षी लोहिया पक्षाबाहेर गेले व त्यांनी वेगळा समाजवादी पक्ष काढला. कालांतराने लोहियावाद्यांनी कामगारांतही हिंद मजदूर पंचायत हे जुनेच नाव घेऊन दुसरी चूल मांडली. गोळीबार त्रावणकोरात झाला, ठराव नागपुरात झाला आणि देशभरच्या कारखान्यांच्या गेटवर वर्गणीची पावतीपुस्तके दोन झाली.

नागपुरातील आणि विदर्भातील ज्यांना या महासंघाचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

इतवारी

उत्तम विषय काढलात. एक पुरवणी जोडतो. फाटाफुटीशी नागपूरचे नाते 1954 पेक्षा बरेच जुने आहे. नोव्हेंबर 1929 च्या अखेरीस आयटकचे अधिवेशन नागपुरात पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली झाले. व्हिटली आयोगावर, म्हणजे मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनवर, बहिष्कार टाकावा की नाही आणि कोणत्या आंतरराष्ट्रीय संस्थांशी संलग्न व्हावे, या मुद्द्यांवर मवाळ गट हरला. तेव्हा ना. म. जोशी, व्ही. व्ही. गिरी प्रभृती बाहेर पडले व त्यांनी स्वतंत्र महासंघ काढला. देशाच्या कामगार चळवळीतील ही पहिली मोठी फूट होय.

मात्र सांधण्याचे श्रेयही या शहराला दिले पाहिजे. एप्रिल 1938 मध्ये नागपुरातच दोन्ही बाजूंची संयुक्त बैठक होऊन जोशींचा महासंघ आयटकशी जोडला गेला, आणि 1940 मध्ये विलीनीकरण पूर्ण झाले. त्या ऐक्यासाठी काँग्रेस समाजवादी पक्षाची मंडळी झटत होती. म्हणजे तिसऱ्या दशकाच्या शेवटी फुटलेले चौथ्या दशकाच्या शेवटी सांधले आणि पाचव्याच्या शेवटी पुन्हा चार ठिकाणी फुटले. आमच्या इतवारीत भागीदारीच्या दुकानांचेही असेच होते, असे म्हणण्याचा मोह आवरतो.

अजनी_लोको

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. आपल्या 'उसने वजन' या शब्दाशी मी सहमत नाही. हिंद मजदूर सभेचे खरे बळ पक्षाकडून आलेले नाही. ते रेल्वे, गोदी आणि कोळसा या तीन उद्योगांतून आले, कारण ही कामे थांबली की देश थांबतो. 1924 साली स्थापन झालेले ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन हे सभेपेक्षा चोवीस वर्षांनी मोठे आहे आणि आज ते सभेचे सर्वांत भक्कम घटक आहे. तिने पोसलेले हे बाळ नव्हे; उलट घरातला कर्ता भाऊ म्हणावा असे त्याचे स्थान आहे.

मे 1974 चा संप मी अजनीत तरुणपणी पाहिला. फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली 8 मे रोजी तो सुरू झाला. बोनस, वेतनश्रेणी आणि धावत्या कर्मचाऱ्यांचे कामाचे तास या त्यातील मुख्य मागण्या होत्या. सुमारे 17 लाख कामगारांचा तो संप वीस दिवसांत मागे घ्यावा लागला. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. अजनीच्या क्वार्टर्समध्ये त्या काळी रात्री दिवे मालवून बसत, कारण दिवा दिसला की माणूस घरात आहे हे कळे आणि त्याला कामावर नेण्यासाठी दारावर थाप पडे. द्वारसभेत एक ज्येष्ठ गार्ड म्हणाले होते की गाडी थांबवणे सोपे असते, थांबलेली गाडी पुन्हा सुरू करणे अवघड असते. त्यांचे ते बोलणे मला फार नंतर उमगले.

आता राजकीय वजनाचे म्हणाल, तर 1977 मध्ये जनता सरकारात मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात बडतर्फ झालेल्यांना परत कामावर घेतले गेले. दंडवते समाजवादी होते, संप पुकारणारे समाजवादी होते. ज्याच्या घरात तीन वर्षांनी पुन्हा पगार येऊ लागला त्याला जाऊन विचारा की हे वजन उसने होते की स्वतःचे.

जुम्मातलावकर

अजनीकर काका, आपल्या अनुभवापुढे मी नम्र आहे. तरीही आपलेच उदाहरण मला माझ्या बाजूचे वाटते. संप फुटला तो संघटनेच्या बळावर लढताना, आणि माणसे परत घेतली गेली ती पक्ष सत्तेवर आल्यावर. जनता पक्ष निवडणूक हरला असता तर ते पुनर्स्थापन झाले असते का?

मोहफूल

या चर्चेत एक बाजू सुटते आहे. आतापर्यंत सर्वांनी पुढाऱ्यांविषयी लिहिले आहे. मतदान करणाऱ्या कामगाराविषयी मला लिहायचे आहे.

नागपूरच्या गिरण्यांत, विशेषतः 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये आणि पुढे मॉडेल मिलमध्ये, कोष्टी आणि महार या दोन समाजांतील कामगार मोठ्या संख्येने होते. हा कामगार संघटनेची वर्गणी देई, द्वारसभेला उभा राही, संपात उपाशीही राही. परंतु मतपेटीपाशी तो गिरणीतला राहत नसे, वस्तीतला होई. महार कामगाराच्या मनात बाबासाहेबांची जी जागा होती ती समाजवादी किंवा कम्युनिस्ट पुढाऱ्याला मिळणे शक्यच नव्हते, आणि याचे कारण केवळ भावनिक नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात, जेथे पगार अधिक असे तेथे, अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगारांच्या ऐक्याच्या घोषणा देणाऱ्यांपैकी किती जण त्यावर तितक्याच मोठ्याने बोलत होते?

बाबासाहेबांनी 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कामठीचे बाबू हरदास 1937 मध्ये त्या पक्षातर्फे प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती आणि 'जय भीम' हे अभिवादनही त्यांच्याशीच जोडलेले आहे. जुलै 1942 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन नागपुरात स्थापन झाले, 1956 मध्ये दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष निघाला. ज्या शहरात वीस वर्षांत एवढे घडले, तेथील निम्मा कामगार समाजवादी पक्षाकडे कशाला वळेल? नंतर विदर्भ राज्याची मागणी आली आणि 1962 मध्ये लोकनायक बापूजी अणे याच शहरातून लोकसभेवर गेले. त्या मतांत गिरणीतल्या कामगारांची मतेही होती.

जुम्मातलावकर, म्हणून मला वाटते की सभेचे वजन उसने होते की स्वतःचे, हा वादच नागपूरपुरता अपुरा आहे. येथील कामगाराने संघटना आणि पक्ष या दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या ठेवल्या. एका खिशात लाल बावट्याची पावती आणि घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, यात त्याला कधीच विसंगती वाटली नाही. विसंगती पुढाऱ्यांना वाटत होती.

इतवारी

मोहफूलताई, आपला प्रतिसाद मला या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एक अपवाद मात्र नोंदवावा लागेल. बर्धन 1957 मध्ये नागपुरातून विधानसभेवर अपक्ष म्हणून निवडून आले होते, म्हणजे गेटवरचे बळ पेटीत उतरल्याचे एक तरी उदाहरण आपल्याकडे आहे. आणखी एक योगायोग असा की रुईकरांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे नाव 1971 मध्ये जांबुवंतराव धोटे यांनी नागपूरची लोकसभेची जागा जिंकून पुन्हा गाजवले. पण तो विजय सिंहाच्या चिन्हाचा कमी आणि स्वतंत्र विदर्भाचा अधिक होता.

श्रमिक_वकील

मी औद्योगिक न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे कायद्याची बाजू मांडतो. संघटनेचे राजकीय वजन बऱ्याचदा 'मान्यता' या एका शब्दावर ठरते, आणि मान्यता कायदा देतो.

मुंबईच्या 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' संघटना मानली, आणि कापड गिरण्यांत ते स्थान इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाले. ऑगस्ट 1950 मध्ये अशोक मेहतांच्या नेतृत्वाखाली सभेच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी संप केला. सुमारे दोन लाख कामगार दोन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले, आणि तरीही मालक किंवा सरकार यांपैकी कोणीही त्या संघटनेशी बोलले नाही, कारण कायद्याने बोलण्याचा अधिकार दुसऱ्याच संघटनेचा होता. संप फसला. कामगार आपल्या मागे आहेत आणि कायदा दुसऱ्याच्या मागे आहे, या अवस्थेत समाजवादी महाराष्ट्रात अनेक वर्षे राहिले. बत्तीस वर्षांनी दत्ता सामंतांच्या संपातही हीच भिंत आडवी आली.

पुढे 1971 च्या कायद्याने इतर उद्योगांसाठी मान्यतेची अट 30 टक्के सभासदांची ठेवली. अर्ज करण्यापूर्वीचे सहा महिने तेवढे सभासद सलग असावे लागतात. हे सभासद मोजायचे कसे, पावतीपुस्तकांची तपासणी करून की गुप्त मतदानाने, हा वाद चाळीस वर्षे चालला. सभेने सातत्याने गुप्त मतदानाची बाजू घेतली, इंटकने पडताळणीची. पावतीपुस्तके कशी भरली जातात हे ज्याने न्यायालयात पाहिले आहे त्याला सभेचे म्हणणे लगेच पटेल. मी एका प्रकरणात एकाच कामगाराचे नाव तीन संघटनांच्या वह्यांत पाहिले आहे. साक्षीत त्याने शांतपणे सांगितले की तिघेही चांगले आहेत.

आता नवा औद्योगिक संबंध संहितेचा काळ आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये चारही श्रम संहिता लागू करण्यात आल्या. ज्या संघटनेकडे 51 टक्के कामगार असतील ती एकटी वाटाघाटी करील. तशी नसेल तर किमान 20 टक्के असलेल्यांची परिषद बसेल. संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांत सक्तीची झाली, आणि ले-ऑफ किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. बुटीबोरी आणि हिंगणा येथील किती कारखान्यांत 300 कायम कामगार आहेत, याचा विचार प्रत्येकाने करावा.

स्पष्टवक्ता_खामला

सर्वांनी फार आदराने लिहिले आहे, म्हणून थोडे कडू लिहितो. समाजवादी कामगार पुढाऱ्यांना राजकीय वजन नव्हते असे नाही. ते वजन व्यक्तींना मिळाले, संघटनेला मिळाले नाही. 1950 चा संप चालवणारे अशोक मेहता 1963 मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले व पुढे काँग्रेसच्या मंत्रिमंडळात गेले. सभेचे सरचिटणीस राहिलेले बगाराम तुळपुळे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दुर्गापूर पोलाद कारखान्याचे जनरल मॅनेजर झाले. टेबलाच्या एका बाजूची खुर्ची सोडून ते दुसऱ्या बाजूला बसले. फर्नांडिस यांनी 1967 मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवले ते टॅक्सीवाले आणि महापालिका कामगारांच्या जोरावर. तेच फर्नांडिस वाजपेयी सरकारात संरक्षणमंत्री होते तेव्हा त्याच सरकारच्या निर्गुंतवणुकीविरुद्ध हिंद मजदूर सभा संपावर जात होती. शिडी भिंतीलाच राहिली, चढणारे मात्र माडीवर गेले.

श्रमिक_वकील

तुळपुळ्यांविषयी आपण जरा अन्याय करीत आहात. कामगार पुढारी सरकारी कारखाना चालवू शकतो का, हा त्या काळचा प्रामाणिक प्रयोग होता आणि त्यांच्या सचोटीवर विरोधकांनीही बोट ठेवलेले नाही. मेहतांच्या बाबतीत मी आपल्याशी वाद घालणार नाही.

मात्र आपला मूळ निष्कर्ष 1978 च्या घटनेने डळमळतो. जनता सरकारने त्या वर्षी ऑगस्टमध्ये औद्योगिक संबंध विधेयक संसदेत आणले. सरकारात समाजवादी होते, पूर्वीचे जनसंघीयही होते. तरीही हिंद मजदूर सभा, भारतीय मजदूर संघ, आयटक आणि मार्क्सवादी कम्युनिस्टांची सीटू या सर्वांनी त्याला विरोध केला आणि ते विधेयक मंजूर न होताच संपले. सभा पक्षाच्या तालावर नाचणारी असती तर तिने आपल्याच मित्रांच्या विधेयकाला पाठिंबा दिला असता. 1975 मध्ये किमान बोनस 8.33 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आणला गेला तेव्हा आयटक व इंटक यांची पंचाईत झाली होती, कारण त्यांचे पक्ष आणीबाणीच्या बाजूने उभे होते. सभेला ती अडचण आली नाही. स्वातंत्र्याची किंमत असते, तसा त्याचा उपयोगही असतो.

कन्हानकाठ

मी कोळसा खाणीत काम करतो. इतिहास मला फारसा ठाऊक नाही, परंतु आमच्याकडे आज काय चालते ते सांगू शकतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरात आहे आणि कामठी, सिल्लेवाडा, उमरेडपासून चंद्रपूर, वणी आणि पलीकडे मध्य प्रदेशातील पेंच-कन्हानपर्यंत तिच्या खाणी आहेत. आमचा पगार नागपुरात ठरत नाही, दिल्लीत आणि कोलकात्यात ठरतो. कोळसा उद्योगाची जी संयुक्त समिती आहे, जिला आम्ही जेबीसीसीआय म्हणतो, तिच्यात हिंद मजदूर सभेचे प्रतिनिधी बसतात. मे 2023 मध्ये अकरावा वेतन करार झाला. किमान 19 टक्के वाढ मिळाली, ती 1 जुलै 2021 पासून पाच वर्षांसाठी ठरली. देशातील सुमारे 2 लाख 80 हजार खाण कामगारांना तो करार लागू झाला. त्यावर भारतीय मजदूर संघ, हिंद मजदूर सभा, आयटक आणि सीटू या चौघांनी सह्या केल्या.

आपण सर्व जण निवडणुकीतील वजनाविषयी बोलत आहात. आमच्या खाणीत कोणीही सभेला त्या दृष्टीने पाहत नाही. बदली अडली, अपघाताची भरपाई अडली, अनुकंपा नोकरीचा कागद कार्यालयात फिरत राहिला, की माणूस संघटनेच्या कार्यालयात जातो. तेथे त्याला कोणत्या पक्षाला मत दिले हे विचारत नाहीत. वर्गणी चालू आहे का, एवढेच विचारतात. मात्र ठेकेदारीवर काम करणाऱ्या मुलांची आमच्या करारात नीट सोय नाही. ओपन कास्टमध्ये, म्हणजे उघड्या खाणीत, मातीचे आणि वाहतुकीचे काम आता बहुतांशी तीच मुले करतात. त्यांच्याकडे कोणत्याच झेंड्याची पावती नाही.

जुम्मातलावकर

कन्हानकाठ, आपला शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. माझे मत मी थोडे बदलतो. वजन उसने होते हे संसदेच्या संदर्भात अजूनही खरे वाटते. वेतन कराराच्या टेबलावर मात्र ते सभेचे स्वतःचे आहे, हे अजनीकर काका आणि आपण दाखवून दिले. मोहफूलताईंनी सांगितलेली गोष्ट या दोन्हींच्या आधीची आहे आणि तिच्याविषयी स्वतंत्र धागा निघावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

एक आकडा येथे नोंदवून ठेवतो, कारण मला तो विचारण्यात आला. केंद्र सरकारने 2002 हे वर्ष धरून केलेल्या पडताळणीत भारतीय मजदूर संघाचे सुमारे 62 लाख, इंटकचे 39 लाख, आयटकचे 34 लाख, हिंद मजदूर सभेचे 33 लाख आणि सीटूचे 26 लाख सभासद ग्राह्य धरले गेले. 1989 च्या पडताळणीत सभेचे सुमारे 15 लाख होते. म्हणजे ज्या तेरा वर्षांत समाजवाद्यांचा पक्ष तुकडे होत होत राज्याराज्यांतील कुटुंबांपुरता उरला, त्याच तेरा वर्षांत त्यांच्या कामगार महासंघाचे सभासद दुपटीहून अधिक झाले.

अजनी_लोको

त्या आकड्यात रेल्वेचा वाटा किती मोठा आहे तेही मोजा. आणि आमच्याकडे आता पावतीपुस्तकावर मान्यता मिळत नाही. 2007, 2013 आणि डिसेंबर 2024 असे तीन वेळा गुप्त मतदान झाले. मी निवृत्त असल्याने मला मत नव्हते, तरी सवयीने अजनीच्या मतदान केंद्रापर्यंत चालत गेलो होतो. रांगेत दोन प्रतिस्पर्धी संघटनांचे बिल्ले लावलेली मुले एकाच डब्यातला चिवडा खात उभी होती.

मोहफूल

जुम्मातलावकर, धागा काढते. बाबू हरदासांच्या विडी कामगार संघटनेपासून सुरुवात करीन. कामठीकडच्या कोणाकडे त्या काळातील आठवणी घरातून ऐकलेल्या असतील तर त्यांनी मला निरोप पाठवावा.